नाशिकच्या वायनरी, दोन रात्री आणि सोबत न पिणारे आई-बाबा: कसं जमवायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून पाच जण, तुम्ही, मिस्टर, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, गाडी स्वतःची, २५ ते २७ डिसेंबर, दोन रात्री. आई-बाबा पीत नाहीत, आईचे गुडघे दुखतात, बाबा शेती खात्यातून रिटायर झालेत. आणि तुम्ही विचारलंय की एका दिवसात चार वायनरी होतील का, सगळ्यात बेस्ट कुठली, आणि "थोडा निसर्ग, थोडं कल्चर" कुठे बसवायचं. मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरातली आहे, नऊ वर्षं एका वायनरीत काम केलं, आधी सेलरमध्ये (वाइन तयार करून साठवतात तिथे) मग टेस्टिंग रूममध्ये, आणि गेली काही वर्षं छोट्या ग्रुपना घेऊन याच भागात फिरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. चार होतील, म्हणजे गाडी चार ठिकाणी थांबेल. पण तिसऱ्या ठिकाणापासून तुमच्या जिभेला काही कळणार नाही आणि आई-बाबा चारही ठिकाणी बाकावर बसून तुमची वाट बघतील. दिवसाला एक, फार तर दोन, याच्या वर मी कुणालाच नेत नाही आता. आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कुठली वायनरी हा नाहीच आहे, खरा प्रश्न हा आहे की पाचातले तीन जण एक घोटही घेणार नाहीत (मुलगी धरून) तर ही ट्रिप त्यांचीही कशी होईल. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते वायनरीच्या बाहेर, बागेत आहे.

सुरुवातीच्या काळात मीपण दिवसाला चार-चार वायनरी करायचे. एकदा एक कुटुंब होतं, त्यातले आजोबा साधारण तुमच्या बाबांच्या वयाचे, प्रत्येक ठिकाणी तासभर बाहेर बसून राहायचे, मी पाणी विचारलं की "नको, तुमचं चालू द्या." शेवटच्या ठिकाणी मी बाहेर आले तर बाकावर नाहीत. शोधलं तर बागेत एका वेलीशी वाकून बसलेले, बुडाशी कलमाची गाठ चाचपत होते, मला म्हणाले हे खालचं खोड जंगली जातीचं दिसतंय, डॉगरिजचं का? मग पुढचा पाऊण तास ते बोलत होते आणि नातू ऐकत होता. दिवसभरात तेवढा एकच पाऊण तास त्या माणसाचा होता आणि तोही त्यांनी स्वतःच शोधला, मी दिला नाही. त्या दिवसानंतर मी दिवसाची सुरुवात नेहमी बागेपासून करते, टेस्टिंग सगळ्यात शेवटी. वाइन पिणाऱ्यालाही त्याचा फायदाच होतो कारण ग्लासात काय आहे ते त्याला बाहेर बघितल्यावर जास्त कळतं.

आता तारखांचं. हे तुमच्या मुलीच्या शाळेवर अवलंबून आहे हे मला कळतंय, म्हणून दोन्ही सांगते. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा इथला सगळ्यात गर्दीचा, गंगापूर रोडवर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते, रूमचे भाव चढतात, आणि बुकिंग असूनही थांबावं लागतं. एका डिसेंबरात एका ठिकाणी आम्ही साडेचारचं टेस्टिंग बुक केलेलं आणि आत घेतलं सव्वासहाला, तोवर सूर्य बुडाला, बाग काय दिसणार आणि टूरवाला पोरगा बिचारा इतका दमलेला की पाठ केलेलं म्हणून मोकळा झाला. जर दोन दिवस शाळा बुडवता आली तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला, आणि तोही सोमवार ते गुरुवार. तेव्हा तोडणी जोरात असते. वाइनची द्राक्षं पहाटे गारव्यात तोडतात, काही ठिकाणी रात्री दिवे लावून, कारण माल उन्हाने तापला की वास उडतो आणि रस आधीच आंबायला लागतो. सकाळी लवकर गेलात तर क्रेट उतरताना, देठ वेगळे होताना, रस टाकीत जाताना सगळं समोर दिसतं. डिसेंबरात यातलं काही नाही किंवा अगदी थोडं. फक्त २६ जानेवारीला लागून येऊ नका, तो ड्राय डे आहे आणि लाँग वीकेंडची गर्दी वेगळी. निवडणुका लागल्या असतील तर त्याचेही ड्राय डे असतात, ते आधी बघा. फेब्रुवारीत सुलाफेस्ट असेल तर ते दोन-तीन दिवसही टाळा, तो गाण्यांचा महोत्सव आहे, आई-बाबांसाठी नाही.

डिसेंबरच पक्का असेल तरी वाईट नाही, फक्त काय बघायचं ते वेगळं. हे बाबांसाठी खास लिहिते. युरोपात वेल थंडीत झोपते, वर्षातून एक छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास तोडणी. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही म्हणून आपण दोन छाटण्या घेतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या पिकाची काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर फळ. पाऊस संपल्यावर फूट, थंडीत मणी वाढणार, उन्हाळा तापायच्या आत माल घरात, असं सगळं गणित बसवलेलं आहे. डिसेंबरच्या शेवटी तुम्ही आलात तर मण्यात पाणी उतरत असतं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडायला लागतो आणि शिराझसारख्या काळ्या जातीत एकाच घडात काही मणी हिरवे, काही गुलाबी, काही जांभळे असे दिसतात. हे आठ-दहा दिवसच टिकतं. मला तर तोडणीपेक्षा हे जास्त आवडतं. बाबांना सांगा तिथल्या माणसाला विचारा की छाटणी कधी घेतली, ब्रिक्स (रसातली साखर) किती आलंय, तो माणूस एकदम जागा होईल. साध्या वाइनला बावीस-चोवीस ब्रिक्सला तोडतात, स्पार्कलिंगला (बुडबुड्यांच्या वाइनला) आधीच, सतरा ते एकोणीसच्या आसपास, कारण तिथे आंबटपणा जपायचा असतो. म्हणून स्पार्कलिंगचा माल सगळ्यात आधी निघतो, नशीब असेल तर डिसेंबरच्या शेवटीही तोडणी दिसू शकते.

आणि वाइनचं द्राक्ष आणि आपण खातो ते द्राक्ष यात गल्लत करू नका, बरेच लोक बागेत येऊन विचारतात की एवढेसे मणी का, खराब झाली का बाग. खायच्या द्राक्षाला, थॉम्पसन असो सोनाका असो, मणी फुगवायचा, साल पातळ, बी नको. वाइनला उलटं, मणी लहान, साल जाड, बी असलेलं, कारण रंग आणि वास सालीत असतो. एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात. दिंडोरी-निफाडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या बागा दिसतील त्यातल्या बहुतेक खायच्या द्राक्षाच्या आहेत, वाइनच्या नाहीत, आणि त्या बागांत न विचारता शिरू नका, घड तोडू नका. एक तर एक्स्पोर्टचा माल असतो, दुसरं म्हणजे नुकतीच फवारणी झालेली असू शकते, आणि तिसरं, त्या माणसाचं वर्षभराचं सगळं त्या घडात आहे. माझ्या वडिलांनी गारपिटीनंतरच्या सकाळी बागेत उभं राहून काही न बोलता फक्त खाली पडलेले मणी बघितलेले मी पाहिलंय, त्यामुळे हे मी जरा कळकळीने सांगते. बांधावरून हाक मारा, "दादा, बाग बघू का", दहातले आठ जण स्वतः आत नेतात आणि वर चहा पाजतात.

थंडीचंही सांगून ठेवते. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली उतरणाऱ्या ठिकाणांत असतो, काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो. अशा रात्री शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिपने पाणी सोडतात, म्हणजे मणी तडकू नयेत. तुम्हाला पहाटे बागांवर धूर तरंगताना दिसला तर तो कचरा जाळल्याचा असेलच असं नाही. पुण्याच्या थंडीच्या हिशोबाने कपडे आणू नका, आई-बाबांना कानटोपी आणि शाल पाहिजेच.

आता कुठे जायचं. नकाशावर सगळं "नाशिक" दिसतं पण वायनरी तीन-चार वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि लोक इथेच फसतात, सकाळी इगतपुरीकडे आणि दुपारी दिंडोरीकडे असं ठरवतात आणि दिवस गाडीत जातो. पश्चिमेला गंगापूर-सावरगाव बाजू, तिथे सुला, यॉर्क, सोमा, शहरापासून जवळ आणि धरणाच्या पाण्याला लागून. उत्तरेला दिंडोरी, तिथे शँडोन, पुढे तोच रस्ता वणी-सप्तशृंगीला जातो. मुंबईच्या बाजूला इगतपुरी तालुक्यात सांजेगाव, तिथे व्हॅलोन आणि ग्रोव्हर झांपा, डोंगर आणि मुकणे धरणाचं पाणी, हा भाग सगळ्यात शांत. आणि पूर्वेला विंचूरचा वाइन पार्क, तो औद्योगिक वसाहतीसारखा आहे, फिरायला म्हणून खास नाही. एका दिवशी एकच बाजू धरा. तुम्ही पुण्याहून सिन्नरमार्गे येणार, त्यामुळे सांजेगाव या वेळी सोडा असं मी म्हणेन, मुंबईहून येणाऱ्यांना ते वाटेत पडतं.

बेस्ट कुठली हे खरंच तुम्हाला काय हवंय त्यावर आहे. पहिल्यांदाच येत असाल आणि सगळं एका जागी व्यवस्थित हवं असेल, जेवण, टूर, लोकांचा राबता, तर सुला. ती एकदा बघायलाच हवी कारण या भागाचा चेहरा तिने बदलला. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आंबा लावून बघितला, खायची द्राक्षं लावून बघितली, मग शेनिन ब्लां आणि सॉविन्यों ब्लां या व्हाइट वाइनच्या जाती लावल्या, २००० साली पहिली वाइन काढली. आज ती कंपनी शेअर बाजारात आहे, २०२२ च्या डिसेंबरात लिस्ट झाली. पण त्यांच्या आधीही इथे प्रयत्न झालेत हे बाबांना नक्की आवडेल, ऐंशीच्या दशकात पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे माधवराव मोरे यांनी पिंपेन नावाने स्पार्कलिंग वाइनचा कारखाना उभारला होता, आणि त्याच सुमाराला तुमच्याच वाटेवर नारायणगावला शामराव चौगुल्यांची इंडेज. शेतकऱ्यांनी स्वतःच्या द्राक्षाची शॅम्पेनसारखी वाइन करून परदेशी विकायची हे त्या काळात कुणाच्या डोक्यात येणं हीच मोठी गोष्ट आहे. मग २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क निघाले, आणि बऱ्याच छोट्या वायनरी त्या लाटेत आल्या, त्यातल्या कितीतरी बंदही पडल्या. यॉर्क २००६ ची, गुरनानी कुटुंबाची, तीन भावंडांच्या नावाची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव, २०२१ मध्ये सुलाने घेतली. टेस्टिंग रूम छोटी आहे, वर बसलं की समोर गंगापूर धरणाचं पाणी. गप्पा मारत बसायचं, प्रश्न विचारायचे असतील तर मला लहान जागा बऱ्या वाटतात. तुमच्या ग्रुपला मी एक मोठी आणि एक छोटी अशी जोडी सांगेन, दोन वेगळ्या दिवशी.

टूर घ्याच, नुसतं टेस्टिंग नको. टूरमध्ये न पिणाऱ्यालाही बघण्यासारखं खूप आहे. स्टीलच्या टाक्यांना हात लावून बघा, बाहेरून गार असतात, कारण व्हाइट वाइन बारा ते सोळा अंशांत हळूहळू आंबवावी लागते आणि आपल्याकडच्या हवेत ते फक्त मशीनने जमतं. रेडला तेवढं गार नको, ती सालीसकट आंबते, म्हणून तिला रंग. मग बॅरल रूम, एक ओकचं पिंप साधारण २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्या, मुलीला हा हिशोब करायला द्या. स्पार्कलिंगचं असेल तर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणं, बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ मानेत आणणं आणि मग मान गोठवून तो गाळ उडवणं, हे मुलं डोळे मोठे करून ऐकतात. लहान मुलांना आत कुठपर्यंत सोडतात हे जागेनुसार बदलतं, फोनवर विचारून घ्या. आपल्या राज्यात वाइनला वयाची अट २१ आहे, ती टेस्टिंगलाही लागू.

टेस्टिंगबद्दल थोडंसंच. लोक उगाच घाबरतात की आपल्याला "कळणार नाही". पाच-सहा ग्लासांत प्रत्येकी दोन-तीन घोट एवढंच असतं. आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड, गोड सगळ्यात शेवटी. नाक खुपसून वास घ्या आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या वासांशी जुळवा, पुस्तकातले शब्द सोडून द्या. इथल्या सॉविन्यों ब्लांमध्ये मला हिरवी मिरची कापल्यासारखा आणि कच्च्या पेरूचा वास येतो, शिराझमध्ये मिरपूड कुटल्यावर येतो तो, आणि हे काही वरून घातलेलं नसतं, द्राक्षातच तो पदार्थ असतो. नाही आवडली तर समोरच्या भांड्यात ओता, थुंकलात तरी चालतं, त्यासाठीच ते भांडं ठेवलेलं असतं आणि कुणाला राग येत नाही. रिकाम्या पोटी बिलकुल नको, मधे पाणी. आणि ताई, टेस्टिंगच्या दिवशी मिस्टरांनी गाडी चालवायची नाही, "थोडीच घेतलीये" असं काही नसतं, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. बाबा पीत नाहीत म्हणून त्यांच्यावरही टाकू नका, अंधारात अनोळखी रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या दिवे न लावता चाललेल्या. नाशिकमधून दिवसाची गाडी ड्रायव्हरसकट घ्या किंवा हॉटेलला सांगून ड्रायव्हर तेवढा मागवा. माझ्या मते या ट्रिपमधला सगळ्यात योग्य खर्च हा आहे.

आता दिवस कसे लावायचे ते मी तुमच्यासाठी असं लावेन. पहिल्या दिवशी पुण्यातून सहाला निघा, नाश्ता वाटेत, सिन्नरला गोंदेश्वर. यादवकाळातलं शिवमंदिर, भूमिज पद्धतीचं, म्हणजे छोट्या शिखरांच्या रांगा रचत नेलेलं शिखर, मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी, आणि फार चढायचं नाही म्हणून आईंना सोपं. लोक हायवेवरून तसेच पुढे जातात याचं मला दरवेळी वाईट वाटतं. दुपारी मुक्कामी पोचून जेवण, आराम. मुक्काम शहरात नको, गंगापूर-गोवर्धन बाजूला घ्या, वायनरीचाच पाहिजे असं नाही. चारच्या सुमारास पाण्याकाठची छोटी वायनरी, आधी बाग, मग टूर, मग सूर्यास्ताला टेस्टिंग. गंगापूर धरण मातीचं आहे, गोदावरीवरचं, शहराचं पिण्याचं पाणी इथूनच जातं, आणि संध्याकाळी पलीकडे ब्रह्मगिरी-अंजनेरीची रांग निळी पडत जाते ते आई-बाबांना बसल्या जागी दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ, चुलीवरची. गंगापूर रोड आणि मखमलाबादच्या बाजूला शेतात झोपड्या-मांडव टाकून बसलेल्या बऱ्याच जागा आहेत, काही तर द्राक्षबागेतच. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा मागा, आईंना तिखट चालत नसेल तर दही घ्या. मग दिंडोरी रस्ता धरा, वाटेत रामशेज दिसेल, संभाजीमहाराजांच्या काळात १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त मुघलांना दाद न देणारा तो हाच बुटका किल्ला, मुलीला दाखवा. चढायला वेळ काढू नका या वेळी. सरळ सप्तशृंगी, नाशिकपासून साठेक किलोमीटर. आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, २०१८ पासून, पाचशेच्या आसपास पायऱ्या वाचतात, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. अठरा हातांची शेंदरी देवी बघून माझी आई दरवर्षी रडते, आमच्या भागात छाटणी, लग्न, नवा ट्रॅक्टर, काहीही असो, आधी गडावर नारळ. तुम्ही "कल्चर" म्हणालात ना, या भागाचं कल्चर मला विचाराल तर ते हे आहे, द्राक्षवाला माणूस आणि त्याची देवी. खाली उतरून जेवण, परत येताना चार-साडेचारला मोठी वायनरी, आणि त्या दिवशी ती एकच. (दर्शनाच्या दिवशी वाइन नको असं आईंना वाटत असेल तर दोघी आधीच बोलून घ्या आणि वायनरी तिसऱ्या दिवशीच्या सकाळवर ढकला, मग त्या सकाळचं पक्ष्यांचं राहील, मी अशा घरांसाठी तसंच करते.) आदिवासी पट्ट्यातला बोहाडा, मुखवटे घालून नाचायचा उत्सव, तो बघायचा असेल तर होळीनंतरच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडे यावं लागेल, डिसेंबरात मिळणार नाही, हॉटेलात दाखवतात तो नाच म्हणजे बोहाडा नाही.

पांडवलेणी मी मुद्दाम घेतली नाहीत. चोवीस लेणी आहेत, गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा शिलालेख आहे, सगळं आहे, पण चढ आहे आणि आईंना खाली बसवून तुम्ही वर जाणार हे मला पटत नाही.

बाटल्या विकत घ्यायच्या तर दुसऱ्या दिवशी घ्या, पहिल्या दिवशी नको, म्हणजे डिकीत उन्हात पडून राहणार नाहीत. डिसेंबरातही दुपारी बंद गाडी तापते आणि वाइन त्यात एका दिवसात शिजते. लेबलवर साल बघा, इथल्या व्हाइट वाइन ताज्याच चांगल्या, वर्ष-दोन वर्षांत संपवा, जपून ठेवून त्यांचं काही भलं होत नाही. रिझर्व्ह रेड ठेवता येते पण घरात गार, अंधारी जागा असेल तरच, आणि बुच असेल तर आडवी. फ्रीजवर किंवा गॅसच्या बाजूच्या कपाटात ठेवणारे खूप बघितलेत मी.

तिसरा दिवस माझा सगळ्यात आवडता, तुमच्या मुलीचाही होईल. पहाटे साडेपाचला सामान भरून निघा आणि नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं पाणी. इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साठून दलदल झाली आणि पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. डिसेंबर-जानेवारी हाच मोसम. तिथे गावातलीच पोरं गाइड म्हणून तयार झालीत, दुर्बीण आणि स्कोप भाड्याने मिळतो, गाइड घ्याच, त्याच्याशिवाय तुम्हाला नुसते काळे ठिपके दिसतील. पक्ष्यांत वारकरी, थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, चमचे नक्की, नशीब असेल तर क्रौंच आणि रोहित (फ्लेमिंगो). दलदल ससाणा पाण्यालगत घिरट्या घालायला लागला की हजारभर बदकं एकदम उठतात, तो आवाज ऐकायला मी दर हिवाळ्यात तीन-चार वेळा तरी जाते. आई-बाबांना मनोरा चढायला नको वाटला तर काठावरच्या वाटेने सपाट चालत बराच पुढेपर्यंत जाता येतं.

नऊ-साडेनऊला ऊन चढलं की पक्षी सुस्तावतात, तिथून दोन रस्ते. आईंना पैठणीची आवड असेल तर पूर्वेला येवला, विणकरांच्या घरात माग चालू असतो, पदरावरचा एक मोर भरायला किती वेळ लागतो ते बसून बघा, मग कोपरगाव-संगमनेरवरून पुणे. नाहीतर सरळ सिन्नरवरून घरी. दोन्ही करायला जाऊ नका. आणि सिन्नरचं देऊळ पहिल्या दिवशी ट्रॅफिकमुळे राहिलं असेल तर मग येवला सोडा आणि हे घ्या.

तारीख बदलून जानेवारी झाली तर इथेच खाली लिहा, तोडणी कुठल्या बाजूला चालू आहे ते त्या आठवड्यात बघून सांगते. आणि २०२७ मध्ये येणार असाल तर नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे, शहरातले रस्ते तेव्हा वेगळ्याच हिशोबाने धरावे लागतील, मुक्काम दिंडोरीच्या बाजूला घ्या.